कोपरे सुटू लागले तेव्हा

आमच्या देवासच्या दुकानातून काम होऊन गेलेली गाडी तक्रार घेऊन कधी परत आली नव्हती. म्हणून सोनकच्छचा तो धान्याचा व्यापारी आपली पांढरी जीप दुकानासमोर लावून उतरला, तेव्हा मला वाटलं, याला आणखी काही सजवून हवं असेल. त्यानं पुढचा दरवाजा उघडला आणि आतल्या बाजूला बोट दाखवलं. दरवाज्याच्या आतल्या पॅनलवर आम्ही लाकडाच्या रंगाची फिल्म चढवून दिली होती. हँडलच्या खालच्या कोपऱ्यात ती सुटून वर वळली होती, भाजलेल्या पापडाची कड वळते तशी.

माझा नवरा वाकला. त्यानं तो कोपरा अंगठ्यानं दाबून धरला. कोपरा बसला, आणि अंगठा उचलताच पुन्हा उठला. या खेपेचा रोलच खराब आलाय, असं व्यापाऱ्याला सांगून त्याला चहा पाजला आणि दुपारपर्यंत ते पॅनल नव्यानं करून दिलं. व्यापारी खूश होऊन गेला. नवरा मात्र दिवसभर तो उतरवलेला फिल्मचा तुकडा उलटसुलट करून बघत राहिला.

नवऱ्याला मी नावानं कधी हाक मारली नाही. आमच्या घरात ती रीत नव्हती. इथंही मी 'हे' असंच लिहिणार आहे.

माझं माहेर धारचं. आमचे पूर्वज संस्थानच्या कचेरीत होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, आणि माझ्या वडिलांच्या वाट्याला प्राथमिक शाळेतली मास्तरकी आणि गल्लीतल्या देवळाची पूजा आली. वडिलांना मी नाना म्हणते. शाळेत ते हिंदीत शिकवत, पण उंबऱ्याच्या आत त्यांची मराठी त्यांच्या आजोबांकडून आलेली होती, तशीच्या तशी. ह्यांचं घर अगदी उलट. माझे सासरे अकोल्याकडून देवासच्या कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. त्यांच्या घरातली मराठी अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी, आणि वर माळव्यातला 'भिया', म्हणजे भाऊ.

हे मला बघायला धारला आले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. नानांनी विचारलं, "आपण कोणता उद्योग करता?" हे गडबडले. "गाड्यांच्या सीटा शिवून राहिलो, भिया," असं त्यांच्या तोंडून गेलं. होणाऱ्या सासऱ्याला भिया! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "मुलगा सरळ आहे. भाषेचं पुढे पाहू."

भाषेचं पुढे काही झालं नाही. मीच थोडी बिघडले.

लग्नाच्या वेळी दुकान म्हणजे भोपाळच्या रस्त्यावर एक शटर आणि समोर गाडी उभी करण्यापुरती जागा, एवढंच होतं. हे इंदूरला एका कारागिराकडे रेग्झिनची सीट कव्हरं शिवायला शिकले होते. मला माहेरी शिवण येत होतं, त्यामुळे घरचं आवरून मीही दुकानात जाऊन बसू लागले. हे कापत, मी शिवे. सासूबाईंना आधी ते आवडलं नाही. मग माझ्या हातचा डबा मुलाला गरम मिळतो, हे पाहून त्या गप्प बसल्या. सासरे आणि सासूबाई दोघंही पुढे थोड्याच वर्षांच्या अंतरानं गेले. आम्हांला मूल झालं नाही. इंदूरला दाखवलं, उज्जैनला दाखवलं, आणि मग दाखवणं सोडून दिलं. त्यानंतर दुकान हेच आमचं घर झालं, घरी आम्ही फक्त झोपायला जायचो म्हणायला हरकत नाही.

दोन हजार साल उलटल्यावर लोकांना गाडीच्या आत लाकूड हवं झालं. मोठ्या गाड्यांत खरं लाकूड असतं, असं कोणीतरी कुठंतरी पाहून आलेलं असे. आपल्या साध्या गाडीतलं करडं प्लॅस्टिक त्यांना डोळ्यांसमोर नको होई. तेव्हा दिल्लीहून लाकडाच्या नक्षीची फिल्म रोलमध्ये येऊ लागली. मागे कागद, कागद सोलला की चिकट बाजू. सुरुवातीला देवासमध्ये हे काम करणारे आणखीही होते, पण ते पॅनल गाडीतच ठेवून वरून फिल्म चिकटवत आणि कडेला ब्लेड फिरवत. चार महिन्यांत कडा काळ्या पडत. हे पॅनल क्लिपा सोडवून बाहेर काढत, साबणानं धूत, स्पिरिटनं पुसत, वाळूचा कागद हलकेच फिरवत. मग टेबलावर ठेवून फिल्म एका टोकापासून लावत, मागचा कागद जरा जरा सोलत, आणि फडकं गुंडाळलेल्या पट्टीनं हवा बाहेर ढकलत पुढं सरकत. खोलगट भाग आला की गरम हवेची गन. फिल्म मऊ झाली की दोन्ही अंगठ्यांनी ती खोबणीत बसवत. कड मागे दुमडून तिला पुन्हा शेक देत. ताणलेली फिल्म आपल्या जुन्या मापाला परत जायला बघते, तो शेवटचा शेक मिळाला की मग ती हट्ट सोडते, असं ते सांगत.

आणि लाकडाच्या रेषा. डाव्या दरवाज्याच्या रेषा ज्या दिशेनं, त्याच दिशेनं उजव्याच्या. गिऱ्हाइकाला कळो न कळो. फिल्मखाली धुळीचा एक कण राहिला तरी सगळं उतरवून पुन्हा. मी म्हणे, अहो, कोण बघतंय. ते म्हणत, "मी बघून राहिलो ना."

त्या माणसाच्या हातचा कोपरा सुटला होता.

सोनकच्छच्या जीपनंतर पंधरवड्यात गावातल्याच एका प्राध्यापकांची गाडी आली. पुन्हा कोपरा. मग आणखी एक. ह्यांनी रोल देणाऱ्या इंदूरच्या दुकानदाराशी भांडण काढलं, रोल बदलला, फिल्मखाली लावायचं प्रायमर बदललं. नव्या रोलचंही तेच झालं. मी मशीनवरून त्यांच्याकडे बघू लागले, आणि मग मला दिसायला लागलं. पट्टी हातातून निसटत होती. ब्लेड बदलायला वेळ लागत होता. शटरचं कुलूप ते आता दोन्ही हातांनी किल्ली धरून उघडत. एकदा चहा देताना मी त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस जे फुगीर असतं, तिथं खळगा पडला होता. आणि दंडावरची कातडी आपोआप उडत होती, घोडा माशी उडवताना अंग थरारवतो तशी.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"थकून राहिलो असेल," ते म्हणाले, आणि हात काढून घेतला.

इंदूरला नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ह्यांच्या हातापायांत सुया घालून कसल्याशा मशीनवर तपासलं, जीभ बाहेर काढायला लावून बराच वेळ पाहिली. जिभेकडे ते इतका वेळ का बघताहेत, हे मला तेव्हा समजलं नाही. मग आम्हां दोघांना समोर बसवून सांगितलं की हा नसांचा आजार आहे, बळ हळूहळू कमी होत जाईल, हातांचं, पायांचं, पुढे बोलण्याचं आणि गिळण्याचं. औषध आहे, पण ते आजार थांबवत नाही. डॉक्टर तरुण होते. सांगताना त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं.

ह्यांनी हिंदीत एकच विचारलं, काम कधीपर्यंत करता येईल. डॉक्टर म्हणाले, हात साथ देतील तोपर्यंत करा.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी मला खिडकी दिली. रस्त्याकडेला सोयाबीनची शेतं पिवळी पडलेली होती. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर बसमध्येच रडले असते. देवासचे कारखाने दिसू लागले तेव्हा ते म्हणाले, "प्राध्यापकांच्या गाडीची पॅनलं राहिलीत. उद्या तू लावशील."

"मला नाही येत."

"मला येते ना. मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाशेजारी स्टूल घेतलं आणि मी गन हातात धरली. पहिल्याच पॅनलवर फिल्म जाळली. उग्र वास सुटला, लाकडाच्या रेषांवर फोड आले. दुसरीला सुरकुती पडली, तिसरी मी घाबरून इतकी कमी तापवली की ती खोबणीत शिरेचना. मी पट्टी टाकून दिली आणि म्हणाले की आपण सीट कव्हरंच शिवू, तेवढ्यावर भागेल आपलं. ते रागावले नाहीत. त्यांनी दुकानाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडे मान वळवली. "त्या गाडीच्या टपावर हात ठेवून ये."

मी जाऊन हात ठेवला. सकाळचं ऊन होतं. पत्रा कोमट होता, सुखाचा.

"इतकंच पाहिजे," ते म्हणाले. "आग नको देऊ तिला. ऊन दे."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक पॅनल बसलं. त्याच्या एका कडेला बुडबुडा राहिला होता, तो त्यांनी मला सुईनं टोचून काढायला लावला. पुढच्या आठवड्यात दोन बसली. माझे अंगठे सुजले, नखांखाली रक्त साकळलं. ते मला कधी शाबास म्हणाले नाहीत. चांगलं झालं की नुसतं "पुढचं घे" म्हणत. 'पुढचं घे' ऐकण्यासाठी मी दिवसभर उभी राहत असे.

गिऱ्हाइकांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. काही जण बाईला गन घेऊन उभी बघून गाडी वळवून नेत. सरदारपूरचा एक जण नानांच्या ओळखीनं खास आला होता. त्याला काम ह्यांच्याच हातचं हवं होतं आणि तो तसं दोनदा म्हणाला. ह्यांनी काही समजावलं नाही. उजवा हात मांडीवरून कसाबसा उचलला आणि त्याच्यासमोर धरला. तोवर बोटं आत वळली होती. तो माणूस पाहत राहिला. मग त्यानं खुर्ची ओढली, बसला, चहा घेतला आणि किल्ली टेबलावर ठेवून माझ्याकडे पाहून म्हणाला, भाभी, शनिवारी न्यायला येईन.

मला वाटू लागलं होतं की असंच चालेल. हात गेले तर गेले, आवाज आहे. मी त्या आवाजावर पुढची वर्षं उभी करून टाकली होती.

आवाज पुढच्या उन्हाळ्यात जायला लागला. आधी 'र' गेला, मग शब्दांच्या कडा. दुपारच्या वेळी दुकानात आलेला एक अनोळखी माणूस ह्यांचं बोलणं ऐकून माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, दिवसाच घेतात का. ह्यांनी ते ऐकलं. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस. त्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलणं बंद केलं. कोणी आलं की मान खाली घालून बसत. माझ्याशी बोलत, पण मला अर्धं कळे, अर्धं कळत नसे. मी "काय म्हणालात?" असं तिसऱ्यांदा विचारलं की ते डोळे मिटून घेत. माझ्या हातात गन चालू आणि फिल्म मऊ होऊन लोंबतेय, आणि ते काय सांगताहेत तेच मला समजत नाही. त्या दिवसांइतकी एकटी मी नंतरही कधी झाले नाही.

नाना तेव्हा धारहून आले. देवळाची पूजा पुतण्याकडे सोपवून आले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी ह्यांच्या शेजारी खुर्ची टाकली आणि बसले. ह्यांनी काहीतरी विचारलं. मला ते नुसतं घशातल्या घशात घोळल्यासारखं ऐकू आलं. नाना म्हणाले, "होय, बस वेळेवर होती. घाटाबिल्लोदला थोडी थांबली."

मी थक्क झाले. नाना म्हणाले, त्यात काय, पहिलीच्या वर्गात जन्म गेला माझा, दात पडलेली, बोबडी, रडता रडता बोलणारी मुलं. नीट बोलणारं मूल पहिलीत येतंच कुठं.

त्यानंतर नाना आमच्याकडेच राहिले. सकाळी आम्ही तिघं रिक्षानं दुकानात जायचो. रिक्षावाला आणि मी मिळून ह्यांना खुर्चीत बसवायचो. मी टेबलाशी, हे समोर, नाना मध्ये. हे काही बोलत आणि नाना मला सांगत. ह्यांनी आपल्या भाषेत 'ऊन दे जरा' म्हटलं की नाना म्हणत, "किंचित ऊब द्यावी, म्हणतात." 'डावीकडे सरकव' म्हटलं की, "वामभागी घ्यावे." हे ऐकून ह्यांना हसू येई, आणि हसू आलं की ठसका लागे, मग मी गन बंद करून त्यांची पाठ चोळे. नाना चेहऱ्यावर काही न दाखवता बसून राहत. ते मुद्दाम तसं बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं. घरी ते इतकं जड कधीच बोलत नसत.

आम्ही तिघांनी मिळून केलेली शेवटची गाडी सातवासची होती. मालकाच्या मुलीचं लग्न होतं आणि त्याला पाठवणीसाठी जुनी गाडी आतून नवी करून हवी होती. दरवाज्यांची पॅनलं तर होतीच, पण त्याला डॅशबोर्डही लाकडी हवा होता. डॅशबोर्ड मी कधी केला नव्हता. तो लांब असतो, त्यात हवेच्या जाळ्या, घड्याळाची जागा, कप्पा, आणि उजवीकडून डावीकडे जाताना तो पोटासारखा फुगतो आणि पुन्हा आत जातो. बाकीचे लोक तो तुकड्यांत करत. हे एका सलग फिल्ममध्ये करत, मध्ये जोड न देता. मी मालकाला नाही म्हणणार होते. ह्यांनी घशातून आवाज काढला.

नाना म्हणाले, "घ्यावे, म्हणतात."

डॅशबोर्ड सोडवून काढायला शेजारच्या गॅरेजच्या मिस्त्रीनं मदत केली. टेबलावर तो आडवा ठेवला तेव्हा टेबल पुरेना, एका बाजूला पिंप लावावं लागलं. मी त्याला धुतलं, पुसलं, आणि फिल्म मापून कापली. पहिल्यांदा अर्ध्यापर्यंत छान गेलं. फुगवट्याशी आले, ताण दिला, आणि फिल्म टर्रकन फाटली. मी म्हणाले, इथं जोड देऊ या, रेषेवर रेष बसवली की दिसणार नाही. ह्यांनी मान हलवली. मान तेवढी अजून हलत होती.

पुन्हा सगळं उतरवलं. चिकटा राहिला होता तो स्पिरिटनं काढला. दुसऱ्या दिवशी नवी फिल्म घेतली. ह्यांचे डोळे माझ्या हातांवरून हलत नव्हते. नानांनी सांगितलं ते मी करत गेले: आधी मधून बसव, मग दोन्हीकडे जा, फुगवट्यावर ओढू नकोस, ऊन दे आणि थांब, ती स्वतः बसेल, आता ओढ, आता सोड. फुगवटा ओलांडला. जाळ्यांच्या कडा आत गेल्या. कप्प्याच्या खोबणीत मी अंगठे दाबून धरले. शेवटची कड मागे दुमडली, शेक दिला, आणि गन खाली ठेवली. दुकानात एकदम शांत झालं, रस्त्यावरून ट्रक जात होते तरी.

ह्यांनी काही म्हटलं. नाना म्हणाले, त्यांना हात लावून पाहायचं आहे.

त्या आजारात बळ जातं, स्पर्श जात नाही. मी खुर्ची टेबलाला लावली, त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला, वळलेली बोटं सरळ केली आणि त्यांचं पहिलं बोट डॅशबोर्डच्या उजव्या टोकावर ठेवलं. हळूहळू पुढे नेलं. जाळी, घड्याळाची जागा, मग फुगवटा. फुगवट्याच्या उतारावर त्यांनी आवाज केला. मी थांबले. बोट जरा मागे घेतलं. तिथं फिल्मखाली एक कण होता. डोळ्यांना दिसत नव्हता. मी स्वतःचं बोट ठेवलं तेव्हा मला तो मोठ्या मुश्किलीनं लागला.

मी म्हणाले, "उतरवते. उद्या पुन्हा करू."

ते बोलले. दोनच शब्द. मला कळले नाहीत. मी नानांकडे पाहिलं. ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

"काय म्हणाले, नाना?"

"राहू दे, म्हणतात."

या वेळी नानांनी शब्द बदलले नव्हते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, थकलेले, आणि डोळ्यांत कसलीच तक्रार नाही. एका कणासाठी अख्खी गाडी उतरवणारा माणूस माझ्यासमोर बसून राहू दे म्हणत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा मला कळलं नव्हतं. हात गेले तेव्हा नाही, आवाज गेला तेव्हाही नाही. मला तिथं कळलं, त्या टेबलाशी, की आता फार दिवस उरलेले नाहीत, आणि हे त्यांना ठाऊक आहे. मी त्यांचं बोट माझ्या मुठीत धरून उभी राहिले. मग नानाच म्हणाले की मालक यायचा आहे, जाळ्या बसवून घ्याव्यात.

सातवासची गाडी गेली. मालकानं आत बसून डॅशबोर्डवरून तळहात फिरवला आणि त्याला काही जाणवलं नाही.

हे त्याच हिवाळ्यात गेले. गिळणं बंद झालं होतं, मग श्वास पुरेना. सकाळी मी त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. नाना खिडकी उघडायला उठले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी सांगायला ओठ हलवले, आणि नाना खिडकीपासून वळेपर्यंत संपलं होतं. काय सांगायचं होतं ते नानांनाही ऐकता आलं नाही. नाना पुढे कितीतरी दिवस त्या खिडकीवर चिडत असत, स्वतःवर चिडत असत. मी त्यांना म्हणे, पाणी मागत असतील. ते म्हणत, नाही, पाण्यासाठी ते ओठ असे हलवत नसत.

तेरा दिवस झाल्यावर मी दुकान उघडलं. मला वाटलं होतं की काम येतंय, करत राहीन. पॅनल काढलं, धुतलं, फिल्म लावली, गन चालू केली. समोरची खुर्ची मी हलवली नव्हती. फिल्म मऊ झाली आणि मी वाट पाहत राहिले. कशाची, ते लक्षात येईपर्यंत ती जळली होती. दुसऱ्या दिवशी नानांना म्हणाले की तुम्ही समोर बसा. ते बसले. पण त्यांच्याजवळ स्वतःचं सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी तर फक्त ऐकून सांगितलं होतं. थोड्या वेळानं ते उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी काही महिने रेटलं. हात चुकत नव्हते, कोपरेही सुटत नव्हते. पण संध्याकाळी शटर ओढताना रोज वाटे की आज काही झालंच नाही.

नानांची तब्येत बिघडली आणि ते धारला परत गेले. मग मीही ठरवलं. दुकानाची जागा एका मोबाइलवाल्यानं घेतली. गन, पट्ट्या, उरलेले रोल मी गॅरेजच्या मिस्त्रीला देऊन टाकले. त्याला ते काम करायचं नव्हतं, पण त्यानं नाही म्हटलं नाही.

धारच्या स्टँडवर बस दुपार कलल्यावर पोचली. नानांना येऊ नका असं कळवलं होतं, तरी ते उभे होते. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली. वाटेत दोन-तीन ओळखीचे भेटले, त्यांना नुसता नमस्कार केला, थांबले नाहीत. घरी पाट मांडलेला होता, ताट वाढायचं तेवढं बाकी होतं. आई गेल्यापासून नाना स्वतः शिजवून खात, पण त्यांना भात आणि वरण यापलीकडे काही जमत नसे. ते वाढून समोर बसले. मी पहिला घास घेतला. वरण अगदी घट्ट झालं होतं, गोळा. तो घास गिळताना मला रडू आलं. हे गेले तेव्हाही मी मोठ्यानं रडले नव्हते, लोक होते, करायचं बरंच होतं. आता घास तोंडात तसाच, आणि आवाज माझा मलाच ओळखू येईना.

नाना उठले नाहीत, पाठीवरूनही हात फिरवला नाही. शाळेत एखादं मूल रडायला लागलं की त्याचं रडून होईपर्यंत ते थांबत, असं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं होतं. माझं होईपर्यंत अंधार पडायला आला. मग त्यांनी माझं ताट उचललं, वरणात पाणी घालून ते चुलीवर पुन्हा ठेवलं, आणि उकळी येईपर्यंत पळीनं ढवळत तिथंच उभे राहिले.